शंभूनाथ डे : पटकीचे विष हुडकणारा उपेक्षित संशोधक

आमच्या महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत ज्या रोगाला पटकी म्हणत, त्याचे नाव काढताच एके काळी गावेच्या गावे ओस पडत. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी आडवा होई आणि दिवस मावळण्यापूर्वी त्याला न्यावे लागे. यात्रेच्या गर्दीतून हा रोग वाटसरूंबरोबर गावोगाव जाई. हा मरीआईचा कोप आहे, असे लोकांना सांगितले गेले होते. म्हणून मरीआईचा गाडा करायचा, तो वाजतगाजत वेशीबाहेर ढकलायचा आणि पुढच्या गावच्या हद्दीत सोडून द्यायचा. पुढचे गाव तो त्याच्या पुढच्या गावाकडे ढकली. रोग मात्र गाड्यात नव्हता. तो पाण्यात होता. ज्या पाणवठ्यावर गावाची घाण वाहून येई, त्या पाणवठ्याचे पाणी ज्यांच्या वाट्याला येई, त्यांच्या घरातील माणसे आधी मरत. ते पाणी कोणाच्या वाट्याला येई, हे आमच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

देवीचा कोप नसेल तर मग ही पटकी माणसाला मारते तरी कशी? या प्रश्नाचे पुराव्यानिशी उत्तर ज्या माणसाने दिले, तो माणूस भारतीय होता. त्याचे काम भारतातच, कलकत्त्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत झाले. त्याचे नाव डॉ. शंभूनाथ डे. जगातील कोणताही कॉलरा संशोधक हे नाव आदराने घेतो. परंतु आपल्या शाळेच्या एखाद्या पुस्तकात हे नाव आम्ही पाहिल्याचे आम्हाला आठवत नाही. म्हणून आजचा हा लेखप्रपंच.

शंभूनाथ डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या गावी झाला. वडिलांचा व्यवसाय लहानसा, घरची स्थिती बेताची. शिक्षणासाठी चुलत्यांनी हातभार लावला. गावच्या शाळेतून पुढे हुगळी मोहसीन महाविद्यालयात आणि तेथून कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात ते गेले. १९३९ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९४२ मध्ये त्यांनी उष्ण कटिबंधातील रोगांची पदविका मिळविली. दुकान थाटून पैसे मिळविण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तथापि त्यांचे मन विकृतिशास्त्रात रमले. रोगाने शरीरात नेमका काय बिघाड केला हे पाहण्याचे हे शास्त्र. १९४७ मध्ये ते लंडनला गेले. तेथे सर रॉय कॅमेरॉन या नामवंत विकृतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवून ते परत आले. विलायतेत राहून नोकरी पत्करली असती तर साधने मिळाली असती, नावही लवकर झाले असते. ते कलकत्त्याच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले. फाळणीनंतरचे ते कलकत्ता म्हणजे निर्वासितांनी फुगलेले शहर. दाट वस्त्या, तोकडे पाणी, उघडी गटारे, आणि त्यामुळे दरसाल पटकीची साथ. रुग्ण डोळ्यांसमोर मरत होते. डे यांनी संशोधनासाठी हाच रोग निवडला.

डे यांचे कार्य समजून घ्यायचे तर त्यांच्या आधीची हकिगत थोडक्यात पाहिली पाहिजे. १८१७ पासून बंगालमधून निघालेली पटकी जगभर पसरली होती. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने एका वस्तीतील मृत्यूंची नोंद घरोघर जाऊन केली आणि हा रोग पाण्यातून पसरतो हे दाखवून दिले. त्याच वर्षी इटलीत फिलिप्पो पाचिनी यांनी मृतांच्या आतड्यांत हा जंतू पाहिला, पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे रॉबर्ट कॉख हे जर्मन संशोधक आधी इजिप्तला व तेथून कलकत्त्याला आले. १८८४ मध्ये त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा हा जंतू निर्विवादपणे पुढे आणला. रुग्णांच्या आतड्यांत तो होताच, शिवाय लोक ज्या तळ्याचे पाणी पीत त्या तळ्यातही तो सापडला. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा आणि त्या विषाने माणूस मरत असावा, असा तर्कही कॉख यांनी मांडला.

वकिलीच्या भाषेत सांगायचे तर आरोपी सापडला होता, परंतु गुन्हा कोणत्या हत्याराने झाला हे सिद्ध झाले नव्हते. ते हत्यार सापडायला पुढे पाऊणशे वर्षे लागली. असे का झाले? कारण बहुतेक सर्व संशोधक हत्यार चुकीच्या ठिकाणी शोधत होते. विष म्हणजे ते रक्तात भिनणारच, असे त्यांनी गृहीत धरले होते. म्हणून जंतू मारून त्यांचा अर्क काढायचा आणि तो उंदीर, गिनीपिग किंवा सशाच्या शिरेत अथवा पोटाच्या पोकळीत टोचायचा, असे प्रयोग दशकानुदशके चालले. प्राणी मरत, पण पटकीने मरत नसत. त्यांना पटकीसारखे जुलाब होत नसत. दुसरीकडे, पटकीत आतड्याचे अस्तरच सोलून निघते, अशी समजूत वैद्यकात रूढ झाली होती. एकदा मोठ्यांनी सांगितले की तेच पुढे चालत राहायचे, ही खोड शास्त्रज्ञांनाही असते हे येथे ध्यानात घ्यावे.

डे यांनी सुरुवात केली ती रुग्णापासून. पटकीने दगावलेल्या माणसांच्या मूत्रपिंडांत काय बदल होतात याचा त्यांनी अभ्यास केला. या रोगात शरीरातून इतके पाणी जाते की रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडतात. तीव्र पटकीत एका दिवसात पंधरा-वीस लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. म्हणजे मूत्रपिंडाचा बिघाड हा परिणाम आहे, मूळ नव्हे. मूळ आहे आतड्यात. मग आतड्याला विचारल्याशिवाय उत्तर मिळणार नाही, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली. विष शिरेत टोचण्याऐवजी, जेथे जंतू खरोखर राहतो तेथेच, म्हणजे आतड्याच्या पोकळीत त्याला ठेवून पाहायचे त्यांनी ठरविले.

त्यासाठी त्यांनी वापरलेली पद्धत इतकी सोपी आहे की ती आमच्यासारख्या कायद्याच्या माणसालाही समजते. उपाशी ठेवलेल्या सशाला भूल देऊन त्याचे पोट उघडायचे. लहान आतड्याचा काही इंचांचा एक तुकडा, तो न कापता, दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधायचा. अशी एक बंद पिशवी तयार झाली की तीत पटकीच्या जंतूंचे द्रावण सोडायचे. शेजारचा तसाच दुसरा तुकडा बांधून त्यात जंतू नसलेले साधे द्रावण सोडायचे. पोट शिवून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचे. ज्या तुकड्यात जंतू होते तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला आढळला, आणि ते पाणी पटकीच्या रुग्णाच्या जुलाबासारखे, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे होते. शेजारचा तुकडा रिकामाच होता.

या शेजारच्या रिकाम्या तुकड्याचे महत्त्व फार आहे. ससा एकच, आतडे एकच, वेळ एकच, हात एकच. फरक फक्त एका गोष्टीचा. त्यामुळे आतडे फुगण्याचे कारण दुसरे कोणते असू शकते, असे विचारायला उलटतपासणी करणाऱ्याला जागाच उरत नाही. डी. एन. चॅटर्जी या सहकाऱ्यासह डे यांनी हे काम १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. अशाच तऱ्हेचा एक प्रयोग १९१५ मध्ये फ्रेंच भाषेत नोंदला गेला होता, पण तो पूर्ण विस्मरणात गेला होता. डे यांनी तो मार्ग स्वतंत्रपणे शोधला आणि त्याला अशी शिस्त दिली की पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत आतड्याच्या रोगांसाठी ही नित्याची कसोटी झाली.

डे तेथेच थांबले नाहीत. लहान मुलांच्या आणि मोठ्यांच्या जुलाबांत ई. कोलाय या नावाचे जंतू सापडत. हे जंतू निरोगी माणसाच्या आतड्यातही असतात, म्हणून त्यांच्यावर कोणी संशय घेत नसे. १९५६ मध्ये डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की जुलाबाच्या रुग्णांकडून मिळालेले काही ई. कोलाय जंतू सशाच्या बांधलेल्या आतड्यात पटकीच्या जंतूंप्रमाणेच पाणी साठवितात. गरीब देशांतील बालकांना होणाऱ्या जुलाबाचे एक मोठे कारण पुढे यातूनच उलगडत गेले. एका माणसाच्या एका साध्या पद्धतीने दोन रोगांची दारे उघडली.

आता मुख्य प्रश्न उरला होता. हे पाणी जिवंत जंतू आणतात, की जंतूंनी सोडलेले विष आणते? १९५५ पासून डे हे कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र व जंतुशास्त्र विभागाचे प्रमुख होते. तेथे त्यांनी निर्णायक पाऊल टाकले. पटकीचे जंतू द्रावणात वाढविले आणि मग ते द्रावण अतिशय बारीक गाळणीतून गाळून एकही जंतू त्यात राहणार नाही अशी खात्री केली. हे जंतुविरहित पाणी त्यांनी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडले. आतडे फुगले! जंतू हजर नव्हता, तरी काम झाले होते. याचा अर्थ जंतू मागे जे सोडून गेला होता तेच हत्यार होते. ते रक्तात भिनून मारणारे विष नव्हे, तर आतड्यावर थेट काम करणारे विष होते. हा शोध ३० मे १९५९ रोजी नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात आटोपशीर टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. कॉख यांनी १८८४ मध्ये मांडलेला तर्क बरोबर पंचाहत्तर वर्षांनी, त्याच कलकत्ता शहरात सिद्ध झाला.

येथे आमच्या मुंबईचाही मान राखला पाहिजे. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नामागे होते. सशाच्या नवजात पिल्लांना पटकीसारखे जुलाब होतात हे त्यांनी १९५५ मध्ये दाखविले होते. १९५९ मध्येच दत्ता, पानसे व कुलकर्णी या तिघांनी जंतूंपासून काढलेल्या विषारी द्रव्याने पिल्लांना जुलाब होतात, हेही प्रसिद्ध केले. दोन शहरांतील दोन गट वेगवेगळ्या वाटांनी एकाच सत्याशी पोहोचले, याचा अर्थ ते सत्य पक्के होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या बारा वर्षांत, तोकड्या साधनांनिशी, आपल्या सार्वजनिक संस्थांनी हे करून दाखविले. सरकारी संस्था म्हणजे निकामी संस्था, असे जे आज ऊठसूट सांगितले जाते, त्यांना हा इतिहास वाचून दाखविला पाहिजे.

पुढे काय झाले ते पाहू. विष आहे हे सिद्ध झाले, पण ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यासाठी जी महागडी यंत्रसामग्री लागते ती डे यांच्याजवळ नव्हती. हे काम १९६९ मध्ये अमेरिकेत फिंकेलस्टाईन आणि त्यांच्या सहकाऱ्याने पूर्ण केले. त्यानंतर या विषाची कार्यपद्धतीही उलगडली. विषाचा एक भाग आतड्याच्या पेशीला चिकटतो, दुसरा भाग आत शिरून पेशीची कळ अशी दाबून ठेवतो की पेशी क्षार बाहेर सोडतच राहते आणि क्षारांमागे पाणी वाहते. पेशी फुटत नाही, अस्तर सोलले जात नाही. तोटी उघडी राहिलेली असते, एवढेच. विषाचा जो भाग पेशीला केवळ चिकटतो पण अपाय करीत नाही, त्याचा उपयोग करून पुढे स्वीडनमध्ये तोंडावाटे घ्यायची लस तयार झाली.

अस्तर शाबूत राहते या गोष्टीचे मोल गरिबांनी जाणले पाहिजे. अस्तर शाबूत असेल तर साखर आणि मीठ योग्य प्रमाणात पाण्यात मिसळून पाजले की आतडे ते शोषून घेते, आणि गेलेले पाणी तोंडावाटे भरून काढता येते. कलकत्त्यातच हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये असे पाणी रुग्णांना देऊन पाहिले होते. १९६८ मध्ये ढाक्यात ते शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध झाले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी फैलावली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांतून वाटले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्युप्रमाण त्यांच्या देखरेखीखाली ३.६ टक्क्यांवर आले. रुग्णाच्या नातेवाईकांनी हाताने पाजलेल्या पाण्याने माणसे वाचली. आज प्रत्येक अंगणवाडीत मिळणारी ती पुडी हीच. ती डे यांनी शोधली नाही. परंतु ती का उपयोगी पडते, याचा उलगडा त्यांनी उघडलेल्या वाटेने झाला.

आणि आता या हकिगतीतील कडू भाग. ज्या माणसाने एवढे मोठे काम केले त्याला देशाने काय दिले? १९६१ मध्ये पटकीच्या विकृतिशास्त्रावर त्यांनी ग्रंथ लिहिला. विद्यार्थ्यांना शिकविले, विभाग सांभाळला आणि १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या हयातीत भारतातील एकाही मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. एकही मोठा राष्ट्रीय सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. नोबेल विजेते अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी मात्र नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकदा नव्हे, अनेकदा सुचविले. १९७८ मध्ये स्वीडनमध्ये पटकी व तत्सम जुलाबांवर नोबेल परिसंवाद भरला, तेव्हा निवृत्त डे यांना सन्मानाने बोलावण्यात आले. आपण साठीच्या दशकापासून जवळजवळ मेलेलेच होतो आणि या परिसंवादाने आपल्याला उकरून बाहेर काढले, अशा अर्थाची भावना त्यांनी तेथे व्यक्त केली. त्यात तक्रार कमी आणि कृतज्ञता अधिक होती. आम्हाला मात्र ती वाचून लाज वाटते.

१५ एप्रिल १९८५ रोजी डॉ. डे यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी युजीन गारफिल्ड या अमेरिकन अभ्यासकाने जगातील कॉलरा संशोधनावर डे यांचा किती प्रभाव आहे याचा सविस्तर आलेख मांडला. मग १९९० मध्ये करंट सायन्स या भारतीय नियतकालिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला. म्हणजे आधी परदेशाने सांगायचे आणि मग आम्ही मान हलवायची! दिलीप महालनबीसांचेही फार वेगळे झाले नाही. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले. हार घालायला आपल्याला समोर तसबीरच लागते की काय?

असे का होते? आम्ही या प्रश्नाला जातीचा रंग देत नाही. डे यांची उपेक्षा ज्या वृत्तीने झाली ती वृत्ती आम्हाला परिचयाची आहे, एवढेच म्हणतो. आपल्याकडे मान मिळतो तो कामाकडे पाहून नव्हे, तर माणूस कोणाचा, कोणत्या वर्तुळातला, कोणाच्या ओळखीचा हे पाहून. डे हे सभासंमेलनांत मिरविणारे गृहस्थ नव्हते. ते दिल्लीच्या दरबारात फिरत नव्हते. ते एका वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापक होते आणि सशाच्या आतड्याला दोरा बांधत होते. मान देणाऱ्यांच्या दृष्टीला असे काम दिसत नाही. शिवाय जो रोग त्यांनी निवडला तो श्रीमंतांच्या घरी क्वचितच जातो. गटाराशेजारी राहणाऱ्यांच्या रोगावर काम करणाऱ्याला दरबारात खुर्ची मिळत नाही, हा जगाचाही अनुभव आहे आणि आमचाही.

या चरित्रातून चळवळीच्या कार्यकर्त्याने काय घ्यावे? आमच्या मते दोन गोष्टी. पहिली, पुराव्याची शिस्त. मोठ्यांनी सांगितले म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून, सगळे मानतात म्हणून डे यांनी मानले नाही. त्यांनी एका तुकड्याशेजारी दुसरा तुकडा बांधला आणि आतड्यालाच साक्ष द्यायला लावली. आपल्या पोरांनी विज्ञान शिकायचे ते केवळ नोकरीच्या प्रमाणपत्रासाठी नव्हे, तर अशी साक्ष काढण्याची सवय लागावी म्हणून. मरीआईचा गाडा वेशीबाहेर ढकलण्याची पिढी गेली, पण कोप, दोष आणि बाधा सांगणारे नवे गाडे आजही फिरत असतात. त्यांच्यासमोर घोषणा पुरत नाहीत, शेजारचा रिकामा तुकडा दाखवावा लागतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पटकीचे विष कळले, औषध कळले, पुडी स्वस्तात मिळू लागली. तरीही गढूळ पाण्याच्या वस्त्यांत पटकी आजही डोके वर काढते, कारण पुडी जीव वाचविते, पण रोग थांबवितो तो स्वच्छ नळ. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपण चवदार तळ्यावर गेलो ते माणूस म्हणून. त्या पाण्याच्या हक्काचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये आपल्या बाजूने निकाली निघाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे कायद्यात पाणी आहे. वस्तीच्या नळाला ते येते का आणि आले तर गटाराची गळती त्यात मिसळते का, हे तपासणे कार्यकर्त्याचे काम आहे. जुलाबाची साथ आली की केवळ गोळ्या मागू नका. पाण्याचा नमुना कधी घेतला, कोठून घेतला, अहवाल काय आला, हे लेखी मागा. अहवाल हातात असल्याशिवाय कोणतेही प्रकरण उभे राहत नाही.

शंभूनाथ डे यांना देशाने पदके दिली नाहीत. त्यांचे कार्य पदकांवाचून उभे आहे, कारण ते पुराव्यावर उभे आहे. १ फेब्रुवारीला आपल्या एखाद्या अभ्यासिकेत, एखाद्या वसतिगृहात दहा मुलांना त्या दोन बांधलेल्या तुकड्यांची गोष्ट सांगितली, तर हाफकिनच्या पायऱ्या चढण्याचे स्वप्न त्यातील एखादी मुलगी पाहील. त्यासाठी आम्हाला कोणत्याही अकादमीची परवानगी नको आहे.